मातीच्या आधी पाण्याची वाट

सकाळी ६
मे महिन्याची अखेर. मृग दहा-बारा दिवसांवर आलाय, त्यामुळे उन्हं चढायच्या आत होईल तेवढी खोदाई खरी. कोथरूडच्या या बंगल्याचं बांधकाम संपलं तेव्हा उरलासुरला राडारोडा मागच्या अंगणात पसरून त्यावर चार बोटं लाल माती अंथरली गेली. घरच्या आजींना निम्म्या जागेत लॉन हवंय, निम्म्या जागेत भाजी. दोन्ही मिळून चारशे चौरस फूट.

काल दुपारी फूटभर खोल खड्डा करून पाण्यानं भरला होता. ते जिरल्यावर रात्री पुन्हा भरला. आत्ता बघते तर निम्मं पाणी तसंच उभं. तासाला इंच-दोन इंच तरी उतरायला हवं होतं. मिक्सर आणि जेसीबीच्या चाकांनी खालचा मुरूम दाबला गेलाय, त्यात सिमेंटचं पाणी मुरून पापडी धरलीय.

सकाळी ७
मामा पहार घालतात. ठण्ण आवाज येतो.
"ताई, यावर दोन ट्रॉल्या काळी माती ओतली तर नाही का चालणार?"
हा प्रश्न प्रत्येक अंगणात येतो, आणि बहुतेक बागा इथेच बिघडतात. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हात भेगाळते. खालून निचरा नसला तर पावसाळ्यात तिचं डबकं होतं आणि वांगी-टोमॅटोची मुळं सडतात. माती आणणं सोपं, पाण्याला वाट करून देणं कष्टाचं; पण आधी तेच करायला हवं. "फूटभर फोडूया मामा, मग मातीचं बोलू."

सकाळी ८ ते ११
आता निवडणं. दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, म्हणून त्याला तीन तास. राडारोडा सरसकट वाईट नसतो. आपला काळा दगड निरुपद्रवी. मुठीएवढे तुकडे खालच्या थरात राहू देते, मोठे पायवाटेखाली जातात. विटांचे तुकडेही चालतात, ते ओल धरतात. काढायचा तो सिमेंटचा गिलावा आणि चुना. इथली माती मुळातच अल्कधर्मी; त्यात चुना वाढला की जमिनीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि लोक युरिया टाकत बसतात.

मावशी एक पांढुरकं ढेकूळ पुढे करतात. "हा दगड का चुना?" मी त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकते. बारीक बुडबुडे उठतात, फस्स होतं. ढेकूळ टाकायच्या ढिगात. पुढची ढेकळं मावशी स्वतःच तपासतात.

भाजीच्या बाजूला मी जास्त कडक असते. इथे आधी जुनं घर होतं, ते पाडलं. त्याच्या रंगाचे पापुद्रे मातीत दिसतात. घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम २०१६ सालचा, म्हणजे त्याआधीच्या रंगात ते कितीही असू शकतं. या बाजूची वरची माती पूर्ण उचलायची आणि बाहेरच्या स्वच्छ मातीचे उंच वाफे करायचे. खायच्या पिकाला तडजोड नाही.

सकाळी ११
वाळूची चाळण तिरपी उभी केली. लॉनच्या दोनशे चौरस फुटांवर सहा इंच माती म्हणजे शंभर घनफूट, बरोबर एक ब्रास. चाळून निम्मी मिळाली, अर्धी ब्रास मागवायची.

दुपारी १२ ते ३:३०
भाकरी, ठेचा, सावली. आजी विचारतात, "पंधरा दिवसांत हिरवळ होईल ना गं?" लॉनचे गालिचे आणून उद्याही अंथरता येतील. पण पहिल्या पावसात खालून लव्हाळा वर येईल, तो गाठींसकट उपटल्याशिवाय लॉन लावण्यात अर्थ नाही. भाजीच्या वाफ्यात मृगावर ताग पेरायचा, फुलावर येताना कापून गाडायचा. मेथी-पालक त्यानंतर. जमिनीला एक पावसाळा द्या, असं मी त्यांना हात जोडून सांगते. आजी कबूल होतात, नाखुशीनं.

दुपारी ३:३०
शेणखताची ट्रॉली आली. मूठभर हातात घेतलं: गरम, आणि शेणाचा वास तसाच. कुजलेलं खत भुसभुशीत असतं, त्याला ओल्या मातीचा वास येतो. कच्च्या खतात हुमणी होते, मुळं खाते. ते कोपऱ्यात ढीग करून, पाणी मारून गोणपाटाखाली ठेवलं. आज दोन घमेली मातीला एक घमेलं गांडूळखत. वर आवारातला सगळा पालापाचोळा. पाला हीच उद्याची माती, हे श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवारानं शहरातल्या माणसांनाही करून दाखवलं; तरी सोसायट्यांमधून तो अजून जाळतात, याचं फार वाईट वाटतं.

संध्याकाळी ५
लेव्हल पाइप लावून उतार काढला. घराच्या भिंतीपासून बाहेर, दहा फुटांत दोन इंच. दोरी, फळी, रेघ.

संध्याकाळी ६:३०
चुना-गिलाव्याचा ढीग टेम्पोत भरला. टेम्पोवाला दादा म्हणतो, "नदीकडेला रिकामा करतो, जवळ पडेल." तिथे नाही. मुठेचा काठ अशाच टेम्पोंनी भरत आलाय. महापालिकेनं ठरवून दिलेल्या जागीच हा माल उतरेल, जादा खेपेचे पैसे मी देते. टेम्पो पुढे, त्याच्या मागे माझी स्कूटर.