मजुरी छापील, तांबं त्या दिवसाच्या भावाने

‘तत्पर सेवा, माफक दर, उत्कृष्ट दर्जा. ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय. एक वेळ अवश्य भेट द्या.’ या ओळींच्या वर वायंडिंगवाल्याचं नाव छापलं तरी चालतं, दातांच्या डॉक्टरचं छापलं तरी चालतं आणि मंगल कार्यालयाचं छापलं तरी कुणाला खटकत नाही. छोट्या धंद्यांची माहितीपत्रकं, दरपत्रकं लिहून देणं हे माझं काम. बहुतेक मालक येताना असा एक जुना कागद खिशात घेऊनच येतात आणि म्हणतात, “हेच जरा चांगल्या भाषेत करून द्या.” पण भाषेने सुधारण्यासारखं त्यात काही नसतं. नाव झाकून वाचल्यावर कुणाचा धंदा ते कळत नसेल, तर मालकाला लिहिता येत नाही असं नव्हे. बऱ्याच गोष्टी त्याने अजून ठरवलेल्याच नसतात. पत्रक लिहिताना शब्द फारसे अडत नाहीत. निर्णय अडतात.

सांगली जिल्ह्यातल्या एका मोटार वायंडिंगच्या वर्कशॉपचं उदाहरण घेतो. गिऱ्हाईक मुख्यतः शेतकरी. ऊस आणि द्राक्षाचा पट्टा, विहिरीवर आणि बोअरवर पंप. मालकांना सगळे मिस्त्री म्हणतात. त्यांची सूचना एकच होती : “आपण सगळंच करतो. सगळं लिहा.”

लिहिण्याआधी काउंटरच्या बाजूला स्टूल टाकून बसायचं, हा माझा शिरस्ता. गिऱ्हाईक काय विचारतं आणि कोणत्या क्रमाने विचारतं, ते वहीत टिपायचं. इथे येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, “कधी मिळंल?” मग, “किती लागतील?” मग, “तांबं चांगलं घालणार न्हवं?” मग, “परत जळली तर?” आणि जरा जाणता असला तर जाता जाता, “आमचं जुनं तांबं कुठाय?” दर्जा उत्कृष्ट आहे का, असं एकानेही विचारलं नाही. पत्रकाचा सांगाडा या पाच प्रश्नांत तयार होता; उत्तरं तेवढी मिळवायची होती.

‘छोटा हत्ती’ टेम्पोतून एक पाच एचपीची मोटार उतरली. मिस्त्रींनी दोन्हीकडची झाकणं खोलली, रोटर ओढून बाजूला ठेवला आणि आत बॅटरीचा झोत टाकला. हाताखालच्या पोराला म्हणाले, “दोन फेज काळे, एक कोरा. स्टार कनेक्शन आहे. सिंगल फेजिंग.” मला त्यांनी नंतर उलगडून सांगितलं. डीपीवरचा एखादा फ्यूज उडतो, तीनपैकी एक लाइन जाते. चालू असलेली मोटार लगेच थांबत नाही. उरलेल्या दोन लाइनींवर जास्त करंट ओढत गुरगुरत राहते आणि जळते. स्टार जोडणीत दोन फेजच्या कॉइली काळ्या पडतात आणि एक कोरी राहते. डेल्टा असेल तर एकच फेज जळतो. सगळ्या कॉइली सारख्याच करपल्या असतील तर दुखणं वेगळं : लोड जास्त झाला किंवा व्होल्टेज कमी मिळालं. मग ते शेतकऱ्याकडे वळले. “पाव्हणं, भरून देतो. पण स्टार्टरला प्रिव्हेंटर बसवला न्हाई तर पुढच्या म्हयन्यात परत हितंच भेटू.” प्रिव्हेंटर म्हणजे एक लाइन गेली की मोटार आपोआप बंद करणारं उपकरण.

वर्कशॉपची खरी सेवा या दोन वाक्यांत होती. मोटार का जळली ते इथे बघितलं जातं, ते गिऱ्हाइकाला दाखवलं जातं आणि पुन्हा जळू नये म्हणून काय करायचं तेही सांगितलं जातं. जुन्या पत्रकात यातलं काही नव्हतं. मिस्त्रींच्या लेखी ही सेवाच नव्हती. “ते तर बोलण्यात येतंच की,” ते म्हणाले. वर्षानुवर्षं हातात मुरलेली गोष्ट माणसाला सांगण्यासारखी वाटत नाही आणि जी वाक्यं सगळेच छापतात ती मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पुढचं कामही बघून घेतलं. छिन्नीने कॉइलींची एक बाजू छाटायची, दुसऱ्या बाजूने जुन्या तारांचा जुडगा ओढून काढायचा. एका कॉइलचे आटे मोजायचे, तारेचा गेज मोजायचा आणि दोन्ही वहीत मोटारीच्या नंबरासमोर लिहायचे. स्लॉट साफ करून आत इन्सुलेशनचा कागद बसवायचा, फर्म्यावर नव्या कॉइली गुंडाळायच्या, त्या स्लॉटमध्ये उतरवायच्या, जोडण्या करून दोऱ्याने आवळून बांधायच्या. मग वार्निश आणि ओव्हन. “घाईत उन्हात वाळवलं की वरनं सुकतं, आत ओलं राहतं,” मिस्त्री म्हणाले. शेवटी मेगरने इन्सुलेशन तपासायचं आणि मोटार रिकामी चालवून तिन्ही लाइनींवर टाँग टेस्टर लावायचा. तिन्हीकडे करंट जवळजवळ सारखा आला तरच मोटार दाराबाहेर जाते.

यातलं पत्रकात किती घ्यायचं? आटे, गेज, फर्मा ही कारागिराची बाब. गिऱ्हाइकाला त्यातून निर्णय घेता येत नाही. ओव्हन घेतला, कारण उशीर का लागतो ते त्यातून कळतं. शेवटची चाचणी घेतली, कारण ती गिऱ्हाइकाला समोर उभं राहून बघता येते. बाकीचं सोडलं.

मग निर्णयांची पाळी आली. पहिला अडला दरावर. तांब्याचा भाव हलत असतो, म्हणून मिस्त्री दर छापायला तयार नव्हते. ‘माफक दर’ या शब्दांमागे खरं कारण हे होतं. चर्चा करता करता त्यांनीच तोड काढली : मजुरी एचपीनुसार छापायची, तांबं वजनावर, त्या दिवसाच्या भावाने आणि काटा गिऱ्हाइकासमोर. जुन्या तांब्याचाही प्रश्न तिथेच सुटला. जळक्या तारेलाही भंगारात चांगले पैसे येतात आणि ती कुणाची, यावरून अनेक दुकानांत कुरबुर चालते. इथे ठरलं, जुनं तांबं गिऱ्हाइकाचं. हवं तर घेऊन जा, नाहीतर वजन करून बिलातून वजा.

दुसरा निर्णय वेळेचा. ‘तत्पर’ म्हणजे किती? एरवी तिसऱ्या दिवशी मोटार मिळते. उन्हाळ्यात मात्र एकाच वेळी सगळ्यांच्या मोटारी येऊन पडतात आणि नेमकी तेव्हाच शेतकऱ्याला घाई असते. त्यामुळे मुदती दोन लिहाव्या लागल्या. उन्हाळ्याचा विषय निघाल्यावर मिस्त्री सहज बोलून गेले, “वळखीचा असला तर आमची एखादी मोटार देतो वापरायला, तवर पाणी तरी फिरंल.” हे ऐकून मी पेन खाली ठेवलं. उभ्या पिकाला पाणी तुटलेल्या माणसासाठी यापेक्षा मोठी सेवा कोणती? पण ती फक्त ओळखीवर चालत होती. ती सर्वांना द्यायची तर किती मोटारी राखून ठेवायच्या, अनामत किती घ्यायची, मोटार न्यायची-आणायची कुणी, सगळं ठरवावं लागलं. मुलाशी बोलून त्यांनी ते ठरवलं आणि मगच ओळ लिहिली गेली.

तिसरा निर्णय गॅरंटीचा आणि तो सर्वांत अवघड. सिंगल फेजिंगने जळलेली मोटार गॅरंटीत घ्यायची नाही, हे मिस्त्रींचं पक्कं होतं. पण ते छापायला ते कचरत होते. “गिऱ्हाईक बिचकंल.” माझं म्हणणं असं की, बिचकायचंच असेल तर आधी बिचकलेलं बरं, जळकी मोटार पुन्हा घेऊन आल्यावर दारात भांडण होण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. शिवाय, ‘हे आमच्याकडे नाही’ असं एकदा वाचलं की, जे आहे म्हणून लिहिलंय त्यावर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. ‘आमची कोठेही शाखा नाही’ या पुणेरी पाटीची चेष्टा खूप झाली, पण तीतून दुकानाबद्दल नेमकं काहीतरी कळतं, हे नाकारता येत नाही.

शेवटी तयार झालेला मजकूर असा :

‘शेतीपंपाच्या पाच ते पंधरा एचपीच्या मोटारी भरून देतो. मोटार का जळली ते खोलून तुम्हाला दाखवतो. मजुरी खालच्या तक्त्याप्रमाणे. तांबं त्या दिवसाच्या भावाने, वजन तुमच्यासमोर. जुनं तांबं तुमचं. वार्निश ओव्हनमध्ये वाळवतो, म्हणून तिसऱ्या दिवशी मोटार मिळते; फेब्रुवारी ते मे पाच दिवस लागतात. तोवर पाच आणि साडेसात एचपीची मोटार अनामत ठेवून वापरायला मिळेल. नेताना मोटार चालवून, तिन्ही लाइनींचा करंट बघून न्या. वायंडिंगची गॅरंटी सहा महिने. सिंगल फेजिंगने जळल्यास गॅरंटी नाही. प्रिव्हेंटर बसवून घ्या, आम्ही बसवून देतो. घरगुती मिक्सर, पंखे घेत नाही.’

फुशारकीचं एकही विशेषण नाही. शेवटची ओळ घालताना ‘सगळंच करतो’ हे मिस्त्रींचं वाक्य मोडलं. पण मिक्सर घेऊन येणाऱ्यांना ते वर्षानुवर्षं परतच पाठवत होते, हे त्यांनीच सांगितलं.

जिथे हाताळायला वस्तू नसते, माणूसच सेवा देतो, तिथे हे आणखी नाजूक होतं. पुण्यात घरी रुग्णसेवेसाठी माणसं पुरवणाऱ्या एका संस्थेच्या पत्रकावर ठळक अक्षरांत होतं : ‘चोवीस तास सेवा’. घरच्यांना वाटायचं, काळजी घ्यायला आलेली ताई रात्रभर जागी राहणार. ताई समजायच्या, मुक्काम घरात, पण रात्री झोप मिळणार. दोन्ही बाजूंचं बरोबर आणि पहिल्याच आठवड्यात संस्थेच्या फोनवर दोघांचीही तक्रार. तिथेही निर्णय घ्यावे लागले. मुक्कामी सेवेत रात्री सलग किती तास झोप. रात्रभर जागं माणूस हवं असेल तर दोन पाळ्या आणि त्याचा वेगळा दर. जेवण कुणाचं. रुग्णाचे कपडे धुणार, घरातल्या बाकीच्यांचे नाहीत. आठवड्याची सुटी कधी, त्या दिवशी बदली कोण. अंघोळ घालणं, कूस बदलणं, भरवणं हे काळजीवाहक करील. नळीतून अन्न देणं, कॅथेटर, इंजेक्शन यांसाठी परिचर्या परिषदेकडे नोंदणी असलेली नर्सच येईल. ‘मायेची काळजी’ ही जुनी ओळ संचालिकाबाईंनी स्वतःच खोडली. माया असते, पण तिचा करार करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

या बाबतीत सरकारी कचेरीतला फलक खासगी पत्रकांच्या पुढे आहे, हे सांगितलं तर लोक हसतात. ‘महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५’नुसार प्रत्येक कार्यालयाने आपल्या अधिसूचित सेवा जाहीर करायच्या असतात : सेवा कोणती, कागदपत्रं कोणती, फी किती, मुदत किती, पदनिर्देशित अधिकारी कोण आणि काम झालं नाही तर पहिलं आणि दुसरं अपील कुणाकडे. कसुरीबद्दल ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. फलकाप्रमाणे काम होतं का, हा वेगळा विषय. पण मांडणी बघा : एकही फुशारकी नाही आणि ‘नाही झालं तर काय’ याला स्वतंत्र रकाना. खासगी धंद्यांच्या कागदावर हाच रकाना बहुतेक वेळा गायब असतो.

कायदा खासगी धंद्यालाही सोडत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्हींची व्याख्या आहे. खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसंच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. छोट्या दुकानावर असा प्रसंग सहसा येत नाही, पण ‘शंभर टक्के गॅरंटी’ छापण्याचा हट्ट धरणाऱ्या मालकाला हे आकडे सांगितले की हट्ट सुटतो.

मजकूर पक्का झाला की छपाईआधी मी एक गोष्ट करतो. मालक नसताना दुकान सांभाळणाऱ्या माणसाला तो मोठ्याने वाचायला देतो आणि प्रत्येक ओळीवर गिऱ्हाइकासारखा अडतो. वायंडिंगच्या दुकानातला पोरगा ‘वजन तुमच्यासमोर’ला थांबला. “काटा आतल्या खोलीत आहे. गिऱ्हाइकाला आत नेऊ का?” काटा बाहेर काउंटरशेजारी आला. ‘मोटार वापरायला मिळेल’वर त्याने विचारलं, “सगळ्या बाहेर गेल्या असल्या तर?” त्या ओळीत ‘शिल्लक असल्यास’ असं जोडलं आणि मगच मजकूर छापखान्यात गेला. पत्रक निघाल्यावर मिक्सरवाले कमी झाले आणि गॅरंटीची ओळ वाचून काही शेतकरी दुसऱ्या दुकानाकडे वळले, असं मिस्त्री जरा नाराजीने सांगतात. त्याच दमात हेही सांगतात की प्रिव्हेंटर आता न सांगता मागितला जातो. दर वर्षी पत्रक नव्याने छापायचं ठरलंय. तेव्हा मजुरीचा तक्ता बदलेल आणि ज्या ओळी त्या पोराला वर्षभर निभावता आल्या नसतील, त्या काढून टाकू.