घोड्याचं दुखणं आणि उष्णता दाखवणारा कॅमेरा



आज आपण थर्मल कॅमेऱ्याची, म्हणजे उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याची माहिती घेणार आहोत. घोड्याच्या अंगात कुठे दुखणं सुरू झालंय याचा माग काढायला जनावरांचे डॉक्टर तो वापरतात. शर्यतीच्या आणि परदेशातल्या मोठ्या स्पर्धांच्या घोड्यांसाठी तो बरीच वर्षं वापरात आहे. आता मोबाइलला जोडायचे छोटे कॅमेरेही विकत मिळतात. म्हणून ज्यांच्या दारात घोडा, तट्टू किंवा खेचर आहे, त्यांनी हे यंत्र काय सांगतं आणि काय सांगत नाही हे आधीच समजून घेतलेलं बरं.

कुणी म्हणेल, आता घोडे राहिलेत कुठे? आठवून बघा. माथेरानला मोटारी चालत नाहीत, तिथे माणसं आणि सामान घोड्यावरून जातं. महाबळेश्वर-पाचगणीला पर्यटकांना फिरवणारे घोडे आहेत. वीटभट्ट्यांवर तट्टं, खेचरं, गाढवं राबतात. वरातीची घोडी आहे. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. आणि मेंढपाळ धनगरांचा वाडा एका रानातून दुसऱ्या रानात निघतो, तेव्हा भांडीकुंडी, अंथरूण, कोंबड्या, लहान कोकरं, सगळा संसार घोड्याच्या पाठीवर असतो. तो लादायचं आणि उतरवायचं काम बहुतेक बायकाच करतात. अशा घरात घोडं बसलं की चूल अडते.

"घोडा का अडला?" हे कोडं आपण लहानपणी ऐकलंय. त्याचं उत्तर "न फिरवल्यामुळे" असं आहे. पण खरा घोडा अडतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला कुठेतरी दुखत असतं. आणि घोडा दुखणं लपवतो. वाघ-लांडग्यांची शिकार होणारं हे कळपातलं जनावर; जो लंगडला तो आधी मारला गेला. त्यामुळे दुखणं अगदी असह्य होईपर्यंत तो चालत राहतो. आपल्याला लंगडणं दिसतं तेव्हा आतली इजा कधीकधी बरेच दिवस जुनी असते.

कॅमेरा बघतो काय?

तवा तापला का हे बघायला आपण तव्याला बोट लावत नाही, वर हात धरतो. तव्यातून उष्णतेचे किरण बाहेर पडतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत पण हाताला कळतात. असे न दिसणारे किरण असतात हे १८०० साली विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञाने साध्या थर्मामीटरने दाखवून दिलं. प्रत्येक अंगातून ते निघतात, घोड्याच्याही. कोरोनाच्या काळात आशाताई कपाळासमोर जे यंत्र धरायच्या, ते हेच किरण मोजायचं. ते एका ठिकाणचा आकडा देतं. थर्मल कॅमेरा एकाच वेळी हजारो ठिकाणचे आकडे घेतो आणि त्यांचं रंगीत चित्र करतो. साधारणपणे गरम भाग पांढरा, पिवळा, लाल दिसतो आणि थंड भाग निळा, जांभळा.

जिथे मार बसतो, सूज येते, तिथे रक्त जास्त धावतं आणि कातडी गरम होते. हाच ठिपका कॅमेऱ्यात दिसतो. उलट जिथे रक्त पोचत नाही तो भाग शेजारपेक्षा थंड दिसतो. तेही चांगलं लक्षण नाही. जुनी इजा, नसेचं दुखणं किंवा सतत दाब असला की असं होऊ शकतं.

या कामातला मुख्य नियम म्हणजे डावी-उजवी तुलना. निरोगी घोड्याच्या दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या गरम असतात. डाव्या पायाचा एखादा भाग उजव्या पायाच्या त्याच भागापेक्षा सुमारे १ अंश सेल्सिअसने जास्त गरम किंवा थंड असेल, तर डॉक्टर तिथे हात लावून नीट तपासतात. नुसता आकडा किती आला यापेक्षा दोन बाजूंत फरक किती, हे महत्त्वाचं.

तीन जागा महत्त्वाच्या

पहिली जागा पाय. पुढच्या पायाच्या नळीमागे जी जाड शीर हाताला लागते, तिला डॉक्टर कंडरा म्हणतात. धावताना, ओझं घेऊन चढताना सगळा ताण तिच्यावर येतो. तिला इजा झाली तर घोडा महिनोन्‌महिने बसतो. ही शीर गरम झालेली लंगडण्याच्या आधी कळली, तर थोड्या दिवसांच्या विश्रांतीवर आणि वेळेवरच्या उपचारावर भागू शकतं.

दुसरी जागा खूर. खुराच्या वरच्या कडेला, जिथे केस संपतात आणि खूर सुरू होतो, तिथे रक्त भरपूर असतं. म्हणून ती कड नेहमीच गरम दिसते, तिला घाबरू नका. एकच खूर बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर आत पू झालेला असू शकतो, किंवा खिळा रुतलेला असू शकतो. खिळ्याची जखम असेल तर डॉक्टरांना धनुर्वाताच्या इंजेक्शनचं जरूर विचारा, घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. पण इथे डाव्या-उजव्याचा नियम फसतो तेही ऐका. पोतं फोडून घोड्याने पोटभर धान्य खाल्लं, तर दोन्ही पुढच्या खुरांच्या आत दाह होऊ शकतो. दोन्ही सारखेच गरम, मग फरक दिसणार कसा? अशा वेळी पुढचे खूर मागच्यांशी ताडून बघायचे. आणि घोडा कसा उभा आहे ते बघायचं. पुढचे पाय पुढे टाकून सगळा भार मागच्या पायांवर घेतला असेल, तर त्याला चालवू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा.

तिसरी जागा पाठ, आणि आपल्याकडच्या ओझ्याच्या जनावरांसाठी हीच सर्वांत महत्त्वाची. अर्धा-एक तास काम झाल्यावर खोगीर उतरवून लगेच चित्र घेतात. कण्याच्या दोन्ही बाजूंना सारखी ऊब आणि मधे कण्यावर थोडा थंड पट्टा दिसला, तर खोगीर नीट बसतंय. एखाद्याच ठिकाणी लाल ठिपका असेल तर तिथे घासतंय. गरम भागाच्या मधेच थंड डाग असेल, तर एक तर खोगीर तिथे टेकतच नाही, किंवा इतकं रुततंय की रक्त अडतंय. खोगीर उलटं करून त्याच्या आतल्या बाजूचं चित्र घेतलं तरी ओझं कुठे पडतंय ते कळतं.

हे थोडंफार कॅमेऱ्याशिवायही दिसतं. खोगीर उतरवल्यावर घामाचा डाग बघा. सगळीकडे ओलं आणि मधेच कोरडा ठिपका असेल, तर तिथे दाब तपासा. आणि पाठीवर मूळच्या रंगात पांढऱ्या केसांचे ठिपके उगवले असतील, तर तिथे पूर्वी खोगीर रुतलेलं आहे. बाजारात घोडा घेतानाही पाठीवर हे ठिपके शोधा.

चित्र कधी फसवतं?

कॅमेरा फक्त कातडीची ऊब बघतो. ती कशामुळे वाढली हे त्याला कळत नाही. उन्हात उभा असलेला घोडा एका बाजूने लालभडक दिसेल, त्यातही काळा रंग पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो. अंग ओलं असेल, वारा असेल तर थंड दिसेल. चिखल लागला असेल, मलम चोळलं असेल, पट्टी नुकतीच सोडली असेल, तर चित्र चुकेल. केस कापलेली जागाही आजूबाजूपेक्षा गरम दिसते, कारण केस ऊब धरून ठेवतात. भर उन्हाळ्यात दुपारी हवाच कातडीइतकी तापते, तेव्हा फरक दिसतच नाही.

म्हणून पाय आणि खूर बघायचे तर सकाळी, कामाच्या आधी, सावलीत, वारा नसेल अशा जागी. आधी खरारा करायचा, मग घोड्याला पंधरा-वीस मिनिटं शांत उभं ठेवायचं. दोन्ही बाजूंची चित्रं सारख्याच अंतरावरून, सारख्याच कोनातून घ्यायची.

रंगांचंही एक आहे. बरेच कॅमेरे समोर जे सर्वांत गरम असेल त्याला आपोआप लाल रंग देतात. म्हणजे निरोगी घोड्यातही काहीतरी लाल दिसणारच. नुसता लाल रंग दाखवून "तुमच्या घोड्याला रोग आहे, हे औषध घ्या" असं कुणी म्हणालं, तर त्याला विचारा, दुसऱ्या बाजूचा आकडा किती? आणि निरोगी असतानाचं चित्र कुठे आहे? बचत गटाच्या वहीत आरंभीची शिल्लक लिहिली नसेल तर पुढचा हिशेब लागत नाही, तसंच हे. घोडा चांगला असताना काढलेलं चित्र जवळ असेल, तरच आजच्या चित्राला अर्थ.

ताप बघायलाही या कॅमेऱ्यावर विसंबू नका. त्यासाठी थर्मामीटर शेपटीखाली, गुदद्वारातच लावायला हवा. निरोगी मोठ्या घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ ते १०१.३ फॅरेनहाइट असतं. थर्मामीटर लावताना घोड्याच्या मागे उभं राहू नका, बाजूला राहा.

उन्हाचा घोडा

टोकियो ऑलिम्पिक २०२१ साली भर उन्हाळ्यात झालं. तिथे धावून आलेला घोडा किती तापलाय हे लांबूनच बघायला थर्मल कॅमेरे वापरले. तापलेल्या घोड्यांना लगेच सावलीत नेऊन थंडगार पाणी ओतत होते. आपल्याकडे म्हणतात, तापलेल्या जनावरावर गार पाणी घालू नये, अंग धरतं. पण १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या आधी यावर मुद्दाम संशोधन झालं, आणि गार पाण्याने घोडा लवकर निवतो, त्याला इजा होत नाही, असं दिसलं. घोडा खूप धापा टाकतोय, घाम यायचा थांबलाय, झोकांड्या खातोय, तर ओझं उतरवा, सावलीत घ्या, सगळ्या अंगावर पाणी ओतत राहा, वारा लागू द्या आणि डॉक्टरांना बोलवा. इथे थांबून बघण्यात जीव जातो.

कॅमेरा घ्यायचा का?

एखाद्या गटात कर्ज काढून कॅमेरा घ्यायचा विचार येऊ शकतो. आकडे ऐकून ठरवा. मोबाइलला जोडायच्या स्वस्त कॅमेऱ्यांत ८० गुणिले ६०, म्हणजे ४,८०० ठिपक्यांचंच चित्र मिळू शकतं. डॉक्टरी कामासाठी निदान ३२० गुणिले २४०, म्हणजे ७६,८०० ठिपके बरे. किंमत हजारांतून लाखांत जाते. शिवाय चित्र वाचणारा जाणकार माणूस हवाच. एक-दोन जनावरांच्या घराने यात पैसा घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच पैशात खोगिराची गादी नवी होते, वेळेवर नाल बसते, थर्मामीटर येतो. जिथे एका गावात पन्नास-शंभर घोडी आहेत, तिथे घोडेवाल्यांच्या संघटनेने पशुवैद्यकाशी बोलून, त्यांच्या देखरेखीखाली एक चांगला कॅमेरा सगळ्यांसाठी घेतला तर उपयोग होईल.

आपल्या हातालाही फरक कळतो. कॅमेऱ्याइतका बारीक नाही, पण रोज एकच हात त्याच जागी फिरला तर पुष्कळ कळतं. म्हणून ही पाच मिनिटांची सवय लावा:

१. सकाळी कामाच्या आधी दोन्ही पुढच्या पायांच्या नळीमागून एकाच वेळी एकेक हात वरून खाली फिरवा. मग मागचे पाय. हाताची मागची बाजू वापरा, तिला ऊब जास्त कळते.

२. चारही खुरांवर हात ठेवा. एखादा वेगळा लागतो का बघा. तळवा उचलून खडा, खिळा काढा.

३. पाठीवर कण्याच्या दोन्ही बाजूंना हलका दाब द्या. घोडा पाठ खाली दबवतो, कान मागे टाकतो किंवा चावायला बघतो, तर तिथे दुखतंय.

४. वेगळं काही लागलं की तारीख घालून वहीत लिहा. दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर त्या दिवशी ओझं लादू नका.

५. दुखणं दाबणारं इंजेक्शन देऊन घोड्याला कामाला जुंपू नका. दुखणं कळेनासं होतं, इजा मात्र वाढत राहते.

डॉक्टरांसाठी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा, किंवा पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा. फोनवर "घोडा आजारी आहे" एवढंच सांगू नका. कोणता पाय, कोणती जागा, किती दिवसांपासून गरम लागतेय, ते वहीत बघून सांगा. औषधपाणी करणारे घरातले पुरुष असले, तरी चारा घालताना, पाणी दाखवताना, ओझं उतरवताना पहिला हात बहुतेक आपलाच लागतो. त्या हाताला काय कळलं ते बोलून दाखवा, आणि "आज घोडं लादायचं नाही" हे सांगायची वेळ आली तर घरात ठामपणे सांगा.

तुमच्या गटात घोडी, खेचरं, गाढवं सांभाळणाऱ्या बाया असतील, तर येत्या बैठकीत हा लेख वाचून दाखवा आणि एकदा जनावरापाशी उभं राहून हात फिरवून बघा.