धनराज थांबला होता का?

"डॉक्टरसाहेब, याले एखादं इंजेक्शन देऊन टाका. रविवारी मॅच आहे."

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी एक गृहस्थ आपल्या तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलगा शाळेच्या हॉकी संघात फॉरवर्ड, म्हणजे आघाडीला खेळणारा. दोन महिन्यांपासून त्याचा उजवा गुडघा दुखत होता. घरी हळदीचा लेप झाला, मलम झाले, पट्टा बांधून झाला. मी तपासले. वाटीच्या खाली, नडगीचे हाड जेथे सुरू होते तेथे, सुपारीएवढा टणक उंचवटा होता. त्यावर बोट दाबताच पोराने पाय मागे ओढला. जिना उतरताना, उकिडवे बसताना आणि जोरात धावून एकदम थांबताना दुखायचे. स्वस्थ बसल्यावर काही नाही.

मी म्हटले, "भाऊ, इंजेक्शन नाही. सहा आठवडे पळापळ कमी." वडिलांचा चेहरा उतरला. ते स्वतः तरुणपणी सिव्हिल लाईन्समधील विदर्भ हॉकी असोसिएशनच्या मैदानावर खेळलेले. ते म्हणाले, "धनराज पिल्ले थांबला होता काय कधी?"

प्रश्न मला आवडला. धनराज जवळजवळ माझ्याच वयाचा, आणि १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्याच्या नेतृत्वाखाली भारताने बत्तीस वर्षांनी सुवर्णपदक मिळवले तेव्हाचा आनंद मलाही आठवतो. म्हणून या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर देतो.

धनराजचा जन्म १६ जुलै १९६८ चा, पुण्याजवळच्या खडकीचा. वडील दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची निगा राखणारे कामगार. घरात पाच भाऊ आणि पैशांची कायमची ओढाताण. तरी आई अंदलम्मा यांनी पाचही मुलांना खेळू दिले. मोडक्या काठ्या, इतरांनी टाकून दिलेले चेंडू आणि कारखान्याचे मऊ, चिखलाचे मैदान. समोर आदर्श होता बनारसच्या महंमद शाहिदचा. आता डॉक्टर म्हणून मला यातली चिखलाची गोष्ट महत्त्वाची वाटते. गरिबीचे कौतुक करण्यात अर्थ नाही, पण मऊ मातीने त्या वाढत्या गुडघ्यांचे हादरे झेलले असणार. आपली मुले आज सिमेंटच्या अंगणात आणि दगडासारख्या कडक शाळेच्या मैदानावर धावतात, तेही पातळ तळाच्या बुटांत.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तो मुंबईला थोरल्या भावाकडे गेला. रमेश तेव्हा आरसीएफकडून खेळत होता. पुढे महिंद्र आणि महिंद्रच्या संघात जोकिम कार्व्हालो यांच्यासारखा प्रशिक्षक मिळाला. म्हणजे रोजचा जोरकस, शिस्तबद्ध सराव त्याच्या वाट्याला आला तो सतराच्या आसपास, हाडांची वाढ बरीचशी पूर्ण होत आल्यावर. डिसेंबर १९८९ मध्ये दिल्लीच्या आशिया चषक स्पर्धेत तो भारताकडून प्रथम उतरला आणि ऑगस्ट २००४ पर्यंत ३३९ आंतरराष्ट्रीय सामने खेळला. वर्षाला सरासरी बावीस-तेवीस. देशातले आणि परदेशी क्लबांचे सामने वेगळेच. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स करंडक, चार आशियाई स्पर्धा. २००२ मध्ये कोलोनच्या चॅम्पियन्स करंडकात स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला तेव्हा त्याचे वय चौतीस होते. वेगावर जगणाऱ्या खेळाडूसाठी हे वय म्हणजे संध्याकाळच.

या वेगाची किंमत काय असते ते पाहा. फॉरवर्ड सामनाभर सारखा धावत नाही. तो उभा असतो, चालतो, आणि एकदम पाच-सहा सेकंद जीव तोडून पळतो. मग तितक्याच एकदम थांबतो किंवा वळतो. अशा धावेला लागणारी शक्ती स्नायूंत आठ-दहा सेकंदांपुरतीच साठवलेली असते, आणि तो साठा बराचसा भरून यायला दोन-तीन मिनिटे जातात. शिवाय हॉकीत हे सारे कमरेत वाकून करायचे, त्यामुळे कंबर आणि मांडीची मागची शीर तक्रार करणारच. कॅनडा-अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीत हे फार पूर्वी ओळखले गेले. तेथला फॉरवर्ड पाऊण मिनिट बर्फावर वाऱ्यासारखा घसरतो आणि लगेच कठड्यावरून उडी मारून बाकावर येतो. त्याच्या जागी ताजा गडी जातो. वेन ग्रेट्झ्की हा त्या खेळाचा सम्राट, १९९९ मध्ये अडतिसाव्या वर्षी निवृत्त झाला. आयुष्यभर तो दर सामन्यात कितीतरी वेळा बाकावर बसला, आणि त्याला कोणी आळशी म्हटले नाही.

आता आपल्या मुलाकडे येऊ. त्याच्या दुखण्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. १९०३ मध्ये या दोन डॉक्टरांनी ते स्वतंत्रपणे वर्णन केले. मांडीच्या पुढच्या स्नायूची दोरी वाटीवरून खाली येऊन नडगीच्या हाडाला चिकटते. मोठ्या माणसात ती जागा पक्के हाड असते. दहा ते पंधरा वर्षांच्या वयात तेथे अजून कूर्चा असते, म्हणजे हाड व्हायचे असलेला मऊ भाग. त्यातच या वयात हाडे भराभर लांबतात आणि स्नायू मागे राहतात, म्हणून दोरी ताणलेली. प्रत्येक धाव, प्रत्येक ब्रेक त्या मऊ जागेला एक हिसका देतो. मोठ्यांचा व्यायाम निम्मा करून मुलांना दिला की झाले, असे समजणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे.

या जागी स्टिरॉइडचे इंजेक्शन देऊ नये. दोरी कमजोर होते, वरची कातडी पातळ पडते. सामन्यापूर्वी दुखण्याची गोळी गिळून उतरणे तर त्याहून वाईट. वेदना दबते, हिसके चालूच राहतात. आणि आपल्या नागपूरच्या उन्हात घामाने अंग कोरडे पडलेले असताना या गोळ्या मूत्रपिंडालाही त्रास देऊ शकतात. करायचे ते साधे आहे. खेळ पूर्ण बंद करण्याची सहसा गरज नसते. धावणे-उड्या कमी करून चेंडूवरचा ताबा, पास देणे, नेम यांचा सराव चालू ठेवावा. खेळानंतर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे. मांडीच्या पुढच्या व मागच्या स्नायूंना हलके ताण देण्याचे व्यायाम रोज. मोजमाप एकच सांगतो: खेळताना थोडे दुखले आणि रात्रीपर्यंत थांबले तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळीही लंगडत असेल तर आदला दिवस जास्त झाला. हाड पक्के झाले की दुखणे बहुधा आपोआप जाते, उंचवटा मात्र राहतो. त्याला घाबरू नये.

पण रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, ताप, वजन घटणे, सांध्यात पाणी भरल्यासारखी सूज, किंवा पाय टेकता न येणे यांपैकी काही असेल तर याला ऑसगुड म्हणून घरी बसू नका. एक्स-रे आणि अस्थिरोगतज्ज्ञ, त्याच आठवड्यात.

वडिलांना मी एवढेच म्हटले की धनराजचे तेरावे वर्ष आणि चौतिसावे वर्ष यांत एकवीस वर्षे आहेत, आणि तुमच्या मुलाकडे ती सगळी शिल्लक आहेत. ते काही बोलले नाहीत. फी देताना मुलाला म्हणाले, "चल, दूध घे वाटेत." रविवारचा सामना पोराने बाकावर बसून पाहिला, हे मला नंतर कळले. संघ हरला.

दिवाळीच्या आधी तो एकटाच सायकलवरून आला. उंचवटा होता तसाच, दाबल्यावर थोडे दुखत होते. आता अर्धा सामना खेळतो म्हणाला. मी उकिडवे बसून दाखवायला सांगितले, तो बसला आणि हात न टेकता उठला. मी स्वतः त्याच्याबरोबर बसलो होतो. मला मात्र टेबल धरावे लागले.