पायाखाली चाकं आली की

विदर्भातल्या गिरडच्या टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. ख्वाजा शेख फरीद यांच्या दर्ग्याला जाणाऱ्यांना त्यांची गोष्ट ठाऊक असते. दोन फिरस्त्या व्यापाऱ्यांनी बाबांची टिंगल केली आणि त्यांच्याजवळचे नारळ दगड झाले. पुढे त्यांनी माफी मागितली, तेव्हा बाबांनी सुक्या पानांतून नवा माल करून दिला. हा उत्तरार्ध मला जास्त आवडतो. भूगर्भशास्त्र म्हणतं, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड होणाऱ्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत झिओलाइटसारखी खनिजं साठली आणि खडक झिजल्यावर हे गोळे सुटे झाले. चपला घालून चालणाऱ्याला त्यातला बोराएवढा खडा जाणवतही नाही. रोलर डर्बीच्या स्केटचं चाक मात्र जेमतेम सहा सेंटिमीटर व्यासाचं. खडा आडवा आला की चाक थांबतं, अंग थांबत नाही.

रोलर डर्बी आपल्याकडे फारशी कुणी पाहिलेली नाही, म्हणून थोडं सांगते. लंबगोल ट्रॅकवर दोन संघ, प्रत्येकी पाच जणी. एकीच्या हेल्मेटवर तारा, ती जॅमर. बाकी चौघी ब्लॉकर. जॅमर त्या घोळक्यातून एकदा पार झाली की पुढच्या प्रत्येक फेरीत जितक्या विरोधी ब्लॉकरना मागे टाकेल तितके गुण. अशा एका डावाला जॅम म्हणतात, तो जास्तीत जास्त दोन मिनिटांचा. ब्लॉकर खांद्याने, छातीने, कमरेने अडवणार, पण हाताने पकडायचं नाही, कोपर मारायचं नाही. विदर्भात ज्यांनी आट्यापाट्या खेळल्यात त्यांना ही हुलकावणी देऊन निसटायची झटापट लगेच कळेल. फरक एवढाच, की इथे पाटीसुद्धा पळत असते.

१३ ऑगस्ट १९३५ला शिकागोत लिओ सेल्ट्झर यांनी हे सुरू केलं ते लांब पल्ल्याची शर्यत म्हणून. लोकांना शर्यतीपेक्षा धडका आवडल्या आणि नियम धडकांच्या बाजूने वळले. २००१नंतर टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या बायकांनी मरगळलेला हा खेळ पुन्हा उभा केला, आणि आज बहुतेक ठिकाणी तो खेळाडू स्वतःच चालवतात.

आता मला खरं नवल वाटतं ते पहिल्या दिवसाचं. चालताना आपण जमीन मागे ढकलतो आणि पुढे जातो. वर्षभराच्या पोरानेही कमावलेला हा हिशोब. चाकांवर तो सपशेल खोटा ठरतो. पाय मागे ढकलला तर चाक नुसतं मागे गरगरतं आणि तुम्ही तिथेच. चाकाची पकड असते ती आडव्या दिशेने. म्हणून पुढे जायचं तर बाजूला ढकलायचं! हे वाक्य डोक्याला अर्ध्या मिनिटात पटतं. पायांना पटायला कित्येक आठवडे लागतात. मधल्या काळात भीतीने अंग मागे झुकतं आणि त्याचा हिशोब माकडहाड चुकतं करतं.

थांबणं तर त्याहून अवघड. अठराव्या शतकात जॉन जोसेफ मर्लिन नावाच्या बेल्जियन कारागिराने स्वतः बनवलेले स्केट्स घालून, व्हायोलिन वाजवत, लंडनच्या एका मेजवानीत प्रवेश केला म्हणतात. वळणं आणि थांबणं त्याला जमेना. समोरचा भला मोठा आरसा फुटला, व्हायोलिन मोडलं, तोही जखमी झाला. वळायची सोय आली ती १८६३मध्ये, न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टन यांच्या स्केटमुळे. पाऊल एका बाजूला कललं की खालचे आस आपोआप तिकडे वळतात. डर्बीतले चार चाकांचे स्केट्स आजही त्याच युक्तीवर चालतात.

म्हणून डर्बीचा अभ्यासक्रम पडण्यापासून सुरू होतो. पडताना हात पुढे जातात, ही आपली जन्मजात खोड, आणि मनगटं मोडतात ती त्यामुळेच. इथे शिकवतात, गुडघे वाकव, गुडघ्याच्या पॅडवर पड, अंग लहान कर, मुठी मिटून घे. मुठी कशासाठी? मागून आठ चाकं येत असतात, बोटं पसरलेली नकोत. आणि लगेच ऊठ. पुन्हा पड, पुन्हा ऊठ.

नवशिक्याकडे नीट पाहा. गुडघे, कंबर, मान, सगळं ताठ. सोव्हिएत शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी याला फार सुंदर अर्थ दिला. शरीरात हलणारे सांधे इतके, की मेंदूला एकदम सगळे सांभाळता येत नाहीत. म्हणून तो आधी बरेचसे गोठवून टाकतो आणि सराव वाढेल तसे एकेक मोकळे करतो. म्हणजे सुरुवातीचा ताठपणा हे बावळटपणाचं लक्षण नाही, ती मेंदूची काटकसर आहे. बर्नस्टाइन यांनी १९२०च्या दशकात घणाचे घाव घालणाऱ्या कसलेल्या कामगारांच्या हालचाली टिपल्या होत्या. घण दर वेळी त्याच जागी पडे, पण खांदा, कोपर, मनगट दर वेळी वेगळ्या वाटेने जात. कसब म्हणजे एकच हालचाल घोटून पाठ करणं, हा आपला शाळेतला समज तिथेच कोसळतो.

आणि रात्री? २००२मध्ये मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी लोकांना बोटांनी ठरावीक क्रमात कळा दाबायला शिकवलं. रात्रीच्या झोपेनंतर, मध्ये जराही सराव न करता, त्यांचा वेग सुमारे २० टक्के वाढलेला होता. काल न जमलेलं वळण आज उगाच जमून गेलं की यश नव्या चाकांना देऊ नये.

पण प्रगती स्वतःला दिसत नाही, ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार. खरं म्हणजे ती दिसावी कशी? जे जमू लागतं ते जाणिवेतून निघून जातं आणि उरतं ते फक्त न जमणारं. शिवाय वेग मंदावतो. १९५९मध्ये ब्रिटनच्या क्रॉसमन यांनी सिगार वळणाऱ्या कामगारांची आकडेवारी मांडली. लाखो सिगार वळून झाल्यावरही हात सुधारत होते, फक्त सुधारणेचा वाटा दिवसेंदिवस बारीक होत गेला होता. पहिल्या आठवड्याच्या मापाने सहावा महिना मोजला तर रडूच येईल.

तेव्हा पायांकडे न पाहता मोकळ्या झालेल्या लक्षाकडे पाहावं. आपण स्केटिंग करता करता गप्पा मारतोय, शेजारणीचा चेहरा दिसतोय, मागून कोण येतंय ते कळतंय, म्हणजे पाय आपापलं काम करू लागले. ही कसोटी ज्याच्या पोटातच शिवलेली आहे असा एक खेळ महाराष्ट्रात जन्मला आहे, पुण्याचा रोलबॉल. क्रीडाशिक्षक राजू दाभाडे यांनी २००३मध्ये तो घडवला, आणि २०११मध्ये त्याचा पहिला विश्वचषकही पुण्यातच झाला. स्केट्स घालून चेंडू टप्पे देत न्यायचा आणि गोलात मारायचा. हात चेंडूत गुंतलेले, नजर गोलवर, तिथे पायांचा विचार करायला सवडच नाही. असला खेळ शिकायचा म्हणजे धाडसच, पण शाळकरी पोट्टे तो बिनधास्त खेळतात.

डर्बीत काही वर्षांपूर्वीपर्यंत नवशिक्यांना एक परीक्षा असे, पाच मिनिटांत ट्रॅकच्या २७ फेऱ्या. आकडा असल्यामुळे सगळ्यांचा जीव त्यात अडकायचा. माझ्या मते त्याहून खरी परीक्षा म्हणजे धक्का खाऊनही तोंडाने सोबतिणीला "डावीकडे!" असं ओरडून सांगता येणं. ते जमलं की प्रशिक्षक पुढचा धडा काढतात, आता हेच सगळं पाठमोरं, उलट्या दिशेने. आणि गुडघे पुन्हा ताठ होतात.