घरचा बंब : थोडें सरपण, अधिक ऊन पाणी

घरांत जें रोज घडतें त्याचा हिशेब आपण सहसा करीत नाहीं. दुधाचा हिशेब होतो, धान्याचा होतो, विजेच्या देयकाचा तर दरमहा होतो. परंतु स्नानाच्या पाण्यासाठीं किती सरपण जळलें आणि त्यांतलें किती कामीं आलें, हें विचारणारा गृहस्थ विरळा. शहरांतील न्हाणीघरांतून तांब्याचा बंब आतां बहुतेक उठला. त्याची जागा विजेच्या, गॅसच्या व सूर्याच्या उष्णतेवर चालणाऱ्या साधनांनीं घेतली. तथापि कोंकणांत, देशावर व कांहीं जुन्या वाड्यांतून बंब अजून पेटतात. म्हणून बंबाची सुधारणा कशी करावी व त्याची ऊब कशी राखावी, याचा थोडा शास्त्रीय विचार वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बंबाची रचना दिसण्यांत साधी, पण मोठी युक्तीची आहे. पाण्याच्या भांड्याच्या मधोमध एक उभें नळकांडें, त्याच्या तळाशीं जाळी, जाळीवर विस्तव आणि खालीं राखेची जागा. चुलीवरील हंड्याला ज्वाळा बाहेरून चाटून निघून जाते. बंबांत मात्र विस्तवालाच पाण्यानें चहूंकडून वेढलेलें असतें. रशियांतील सामोव्हार याच जातीचा. कारखान्यांच्या बॉयलरांतहि हेंच तत्त्व पुढें आलें. 1812 च्या सुमारास रिचर्ड ट्रेव्हिथिक यानें पाण्याच्या पोटांतून एक मोठें नळकांडें नेणारा कॉर्निश बॉयलर प्रचारांत आणला, आणि 1844 मध्यें दोन नळकांड्यांचा लँकेशायर बॉयलर निघाला. मुंबईच्या कापडगिरण्यांतून या दुसऱ्या प्रकारानें पुष्कळ काळ वाफ पुरविली. तेव्हां पुण्याच्या तांबट आळींत ठोकून तयार झालेला बंब हा त्या अवजड यंत्राचा घरगुती भाऊबंदच म्हणावयाचा.

आधीं हिशेब पाहूं. एक लिटर पाणी एक अंश तापविण्यास सुमारें एक किलोकॅलरी उष्णता लागते. हिंवाळ्याच्या सकाळीं 20 अंशांवर असलेलें 20 लिटर पाणी 60 अंशांवर न्यावयाचें, तर 800 किलोकॅलरी पुरतात. एक किलो लोणारी कोळसा पुरता जळला तर सुमारें 7000, आणि हवेंत वाळलेलें एक किलो लाकूड सुमारें 3500 किलोकॅलरी देतें. म्हणजे सगळी उष्णता पाण्यांत उतरली असती, तर 115 ग्रॅम कोळसा किंवा पाव किलोहूनहि कमी लाकूड पुरें झालें असतें! ज्यांनीं बंब पेटविला आहे त्यांना हें ऐकून हंसूं येईल. कारण प्रत्यक्षांत सरपण याहून पुष्कळच अधिक खपतें. मग बाकीची उष्णता जाते कोठें? तिला बाहेर पडावयास मुख्य वाटा तीन आहेत, आणि त्या कोणत्या क्रमानें अडवाव्या हेंच या विषयांतील मर्म आहे.

पहिली व सर्वांत रुंद वाट धुराची. बाहेरून बंबास पांघरूण घालण्याचा विचार पुष्कळांस प्रथम सुचतो. पण त्यापूर्वीं आंतलें पांघरूण काढलें पाहिजे. नळकांड्याच्या आंतल्या अंगावर बसलेली काजळी हें तें पांघरूण होय. विस्तवाची उष्णता पाण्यापर्यंत पोंचूं न देतां ती धुराबरोबर वर घालविण्याचें काम ही काजळी चोख बजावते. आठवड्यांतून एकदां, बंब थंड असतांना, काठीस काथ्याचा कुंचा बांधून नळकांडें खरवडून काढावें. जाळींतील राख तर रोजच झाडावी. जाळी चोंदली म्हणजे हवा अडते, आणि हवेवांचून सरपण जळत नाहीं, नुसतें धुमसतें. विहिरीच्या जड पाण्यानें आंतून क्षाराचें किटण चढतें. तेंहि तांब्याच्या मानानें शंभरपटींहून अधिक मंदपणें उष्णता वाहून नेतें. लिंबाच्या फुलाचें पाणी रात्रभर भरून ठेवून सकाळीं भांडें स्वच्छ विसळल्यास तें सुटूं लागतें.

ओल्या लाकडाचा तोटाहि याच वाटेनें होतो. एक किलो सरपणांत 300 ग्रॅम पाणी असेल, तर तें वाफ होऊन जाण्यांतच सुमारें 190 किलोकॅलरी खर्च होतात. तेवढ्यांत स्नानाचें साडेचार लिटर पाणी ऊन झालें असतें. पावसाळ्यापूर्वीं सरपण फोडून, वाळवून, माळ्यावर रचून ठेवण्याची आपल्या वडील माणसांची चाल केवळ सोयीची नव्हती, तर किफायतीचीहि होती. ढलप्या असोत, करवंट्या असोत कीं नारळाचीं सोडणें असोत, तीं थोडीं थोडीं टाकावीं. नळकांडें गळ्यापर्यंत ठासून भरूं नये.

दुसरी वाट बंबाच्या बाहेरच्या पत्र्याची. येथें एक गोष्ट आमच्या वाचकभगिनींस विशेष आवडेल. घासून लखलखीत केलेलें तांबें किरणरूपानें फारच थोडी उष्णता बाहेर टाकतें. काळवंडलेलें तांबें त्याच्या दहापट तरी टाकतें. अर्थात् चिंच व मीठ लावून बंब घासण्याची आजीबाईंची शिस्त शोभेपुरती नव्हती. आमच्या अंदाजानें 20 लिटरांच्या काळवंडलेल्या बंबांतील 60 अंशांचें पाणी बाहेरच्या पत्र्यावाटे पहिल्या तासांत सुमारें सहा अंशांनीं निवतें, घासलेल्यांतील सुमारें चार अंशांनीं, आणि इंचभर जाडीचें चांगलें आवरण असल्यास एकदोन अंशांनींच. यावरून आवरण कोणाला हवें हेंहि उमगतें. पाणी तापतांच दोघांनीं स्नानें उरकावयाचीं असतील, तर त्याचा लाभ थोडा. घरांत सहासात माणसें असून स्नानें दोन तास चालत असतील, तर तो रोजचा आहे. सूर्याच्या उष्णतेवरील बंबाची टाकी जाड आवरणांत गुंडाळलेली असते ती याच कारणासाठीं.

हें आवरण करावयाचें तर पत्रेवाल्याकडून दुहेरी पत्र्याचा अंगरखा दोन अर्धुकांत करून घ्यावा, म्हणजे तो काढून तांबें तपासतां येईल. दोन पत्र्यांमध्यें इंचभर काचलोकर भरावी. ती हाताळतांना हातमोजे घालावे. ती न मिळाल्यास चाळलेली कोरडी राख दोन इंच जाड भरावी. भाताच्या तुसाची राख या कामीं उत्तम. पोलादाच्या कारखान्यांतून वितळलेल्या पोलादाची उष्णता राखण्यासाठीं ती वापरतात. राख भिजली तर तिचा गुण जातो, म्हणून सांधे घट्ट असावे. गोणपाट किंवा जुनी गोधडी बंबास कधींहि गुंडाळूं नये. वरच्या तोंडांतून ठिणगी उडण्याचा अवकाश कीं ती पेटली. ॲसबेस्टॉसच्या दोऱ्या व पत्रे एके काळीं बॉयलरांना सर्रास लावीत. त्याचे तंतू फुप्फुसांस घातक ठरले आहेत, तेव्हां तें वर्ज्य. आवरणानें तोटी, पाणी भरण्याचें तोंड व खालची हवेची वाट झांकतां कामा नये. पाणी भरण्याचें तोंड घट्ट बंद केल्यास वाफ कोंडून अपघात होईल.

तिसरी वाट कोणाच्या लक्षांत येत नाहीं. विस्तव विझला तरी नळकांडें ऊनच असतें. तें खालून थंड हवा ओढून वर सोडीत राहतें आणि पाणी आंतून निववितें. त्यावर झांकण ठेवलें कीं हा तोटा थांबतो. परंतु येथेंच जिवाशीं गांठ आहे. निखारे धगधगत असतां वरचें तोंड किंवा खालची हवा बंद केली, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु अधिक उत्पन्न होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनाला तो प्राणवायूपेक्षां दोनशेपटींहून अधिक चिकाटीनें बिलगतो. डोकें दुखतें, मळमळतें, गुंगी येते, आणि मनुष्य हांक मारण्यापूर्वींच कोसळतो. लोणारी कोळशाला धूर नाहीं म्हणून तो निर्धास्त, ही समजूत तर फारच घातक. यासाठीं निखारे आधीं चिमट्यानें काढून, लोखंडी घमेल्यांत घालून, उघड्या अंगणांत पाण्यानें विझवावे. नळकांडें रितें झाल्याची खात्री करावी. मगच झांकण ठेवावें. पूर्वीं बंब पडवींत किंवा परसांत असे आणि न्हाणीघरांत फक्त पाणी जाई, ही व्यवस्था आजहि मोडूं नये. बंद न्हाणीघरांतील गॅसच्या बंबानेंहि माणसें याच वायूमुळें दगावलीं आहेत. तेव्हां शहरांतील वाचकांनींहि ही गोष्ट आपल्यापुरती नाहीं असें समजूं नये.

सारांश, आधीं काजळी व राख, मग कोरडें सरपण, मग घासलेलें तांबें, त्यानंतर अंगरखा आणि शेवटीं झांकण, असा क्रम ठेवावा. पहिल्या तिहींना पैसा जवळजवळ लागत नाहीं. उष्णतेची वाट हवी तितकी अडवावी. हवेची वाट मात्र विस्तव असेपर्यंत मोकळीच असली पाहिजे. एवढें एक पथ्य पाळलें, तर बंब कमी सरपणांत अधिक पाणी देईल आणि घरच्यांची काळजीहि वाढविणार नाहीं.