एकाच कमाईवर घर चालतंय? सोयाबीनच्या पैशाचे आधी बारा भाग करा

वाशीम : कमावणारा एक आणि खाणारी तोंडं पाच. त्यातही कमाई महिन्याची नाही, हंगामाची. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत अशी घरं गावोगाव आहेत. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन विकलं की पैसा हाती येतो, पुढे तुरीचे थोडे येतात. खर्च मात्र बाराही महिने चालू असतो. उन्हाळ्यात हात रिकामा होतो आणि जूनमध्ये पेरणी अन् शाळा एकदमच दारात येतात. मग उधारी. अशा घरात खरी काटकसर म्हणजे आलेला पैसा पुढच्या सोयाबीनपर्यंत पुरवणं.

आधी देणं, मग वाटणी

पट्टी हातात आली की पहिलं पीक कर्ज बाजूला काढा. मुदतीत फेडलं तर ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज व्याज सवलतीमुळे शून्य टक्क्यानं पडतं. मुदत चुकली की ही सवलत जाते. त्यानंतर पुढच्या पेरणीचा खर्च वेगळा ठेवा. उरलेल्याचे बारा भाग करा. समजा १ लाख २० हजार उरले, तर महिन्याला १० हजार. ही रक्कम दुसऱ्या बँक खात्यात ठेवा आणि दर १ तारखेला एकच भाग काढा. लग्नकार्य असो की नवा मोबाईल, त्या भागात बसत असेल तरच.

उधारी किती महाग पडते?

शेकडा ३ रुपये महिना ऐकायला थोडे वाटतात. पण २० हजारांवर महिन्याला ६०० आणि वर्षाला ७,२०० रुपये व्याज होतं. पीएम किसानचे वर्षाचे ६ हजार येतात, त्यापेक्षा हे जास्त. म्हणजे सरकारनं दिलेलं सगळं सावकाराच्या घरात गेलं! घरातली बाई बचत गटात असेल तर अडीनडीला आधी गटाकडं विचारा. दुकानातली उधारीही वहीत लिहून ठेवा आणि रोखीचा भाव वेगळा आहे का, हे विचारायला लाजू नका.

भाव पडलेला असताना पैशाची नड असेल, तर माल विकण्याआधी बाजार समितीत शेतमाल तारण योजनेची चौकशी करा. माल गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. व्याज वर्षाला ६ टक्के आणि मुदत १८० दिवस. पुढे भाव वाढेलच असं नाही, तेव्हा थांबायचं की विकायचं हे विचार करूनच ठरवा.

घरचं ते घरी ठेवा

सोयाबीनच्या सरळ वाणाचं बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागत नाही. एकरी साधारण ३० किलो लागतं, म्हणजे चार एकराला १२० किलो. चांगल्या पट्ट्यातलं सोयाबीन वेगळं काढा, नीट वाळवा. साल नाजूक असते, पोती आपटू नका. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ठेवा. ७० किंवा जास्त उगवले तर बियाणं चांगलं.

तुरीचंही तसंच. सगळी तूर विकायची आणि नंतर किराण्यातून डाळ आणायची, हा तोट्याचा धंदा. वर्षाला लागेल तेवढी तूर ठेवून गिरणीतून डाळ करून घ्या.

हक्काचं सोडू नका

रेशनवर प्राधान्य गटाच्या कार्डाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्य महिन्याला मोफत मिळतं. कार्डात घरातल्या सगळ्यांची नावं आहेत का, ते पाहा. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत. त्यामुळे बाजाराला घरातली बाई एसटीनं गेली तर गाडीच्या पेट्रोलपेक्षा स्वस्त पडू शकतं.

कमावणारा एकच, म्हणून हे आधी

एका माणसावर घर असेल आणि त्यालाच काही झालं तर? प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा हप्ता वर्षाला ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचा २० रुपये. पहिल्यात कोणत्याही कारणानं आणि दुसऱ्यात अपघातानं मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख मिळतात. पहिल्यासाठी वय १८ ते ५० आणि दुसऱ्यासाठी १८ ते ७० लागतं. दोन्ही मिळून ४५६ रुपये, म्हणजे दिवसाला सव्वा रुपया. पैसे मे अखेरीस खात्यातून आपोआप कापले जातात. त्या वेळी खात्यात शिल्लक नसेल तर विमा बंद पडतो.

या आठवड्यात एवढं करा : पासबुक भरून आणा, विम्याचा हप्ता कापला गेला का ते बघा, वारसाचं नाव तपासा. आणि घरातल्या सगळ्यांना बसवून महिन्याचा आकडा ठरवा. कमावणारा एक असला तरी हिशोब सगळ्यांना माहीत असला पाहिजे.