श्राव्यातीत दोषशोधन : यंत्राच्या अंशशोधनाचे मर्म

श्राव्यातीत तरंगांच्या साहाय्याने धातूच्या अंतर्भागातील दोष हुडकण्याची कल्पना सोव्हिएत शास्त्रज्ञ सोकोलॉव्ह यांनी १९२०–३० या दशकाच्या अखेरीस मांडली. प्रतिध्वनीच्या पद्धतीला व्यावहारिक रूप मिळाले ते १९४० च्या दशकात, अमेरिकेतील फायरस्टोन यांच्या हातून. आज रेल्वेचे रूळ आणि बाष्पित्रांचे वितळजोड याच रीतीने तपासले जातात. तथापि यंत्र मोजते तो केवळ काळ. अंतर हे त्यावरून आपण काढलेले अनुमान होय.

पोलादात अनुतरंगांचा वेग सेकंदाला सुमारे ५,९२० मीटर असतो. २५ मिलिमीटर जाडीच्या ठोकळ्यातून जाऊन परत येण्यास त्यांना साधारण साडेआठ मायक्रोसेकंद लागतात. परंतु यंत्राने दाखविलेल्या काळात प्रोबमधील संरक्षक थर व तेलाचा पातळ पापुद्रा ओलांडण्याचा काळही मिसळलेला असतो. म्हणून एकाच प्रतिध्वनीवर विसंबता येत नाही. २५ व ५० मिलिमीटरचे लागोपाठचे प्रतिध्वनी पडद्यावर आपापल्या अंकांवर आणले, की वेग व शून्यबिंदू ही दोन्ही अज्ञाते सुटतात. ठोकळा मात्र तपासावयाच्या धातूचाच हवा. ॲल्युमिनियममध्ये हा वेग सुमारे ६,३०० मीटर असल्याने पोलादावर जुळविलेले यंत्र तेथे प्रत्येक खोली कमी दाखविते.

खरी कसोटी लागते ती तिरप्या प्रोबची. प्रमाण ठोकळ्याच्या १०० मिलिमीटर त्रिज्येच्या कमानीकडे रोखून प्रोब मागेपुढे सरकवावा. प्रतिध्वनी सर्वांत उंच होईल तेव्हा कमानीच्या केंद्रावर येणारा प्रोबचा बिंदू हेच तरंगाचे निर्गमस्थान. त्यानंतर कोन पाहावयाचा. प्रोबवर ७० अंश कोरलेले असले तरी झिजेमुळे तो प्रत्यक्षात ६८ झालेला असू शकतो. १०० मिलिमीटर मार्गावरील दोष ७० अंश धरल्यास ३४ मिलिमीटर खोल ठरतो. ६८ अंशांना तो साडेसदतीसवर असतो. दुरुस्तीसाठी जोड कोरणारा कारागीर चौतिसावर थांबला, तर तडा खाली तसाच राहावयाचा! आपल्याकडील उन्हाळाही येथे उपेक्षणीय नाही. प्रोबमधील प्लॅस्टिकच्या पाचरीतील वेग उष्णतेने घटतो आणि पोलादात शिरणाऱ्या तरंगाचा कोन वाढतो. त्यामुळे सकाळी सावलीत केलेले अंशशोधन दुपारच्या तापलेल्या रुळावर पुन्हा पडताळावे लागते.

संवेदनशीलता ज्ञात व्यासाच्या छिद्रावरून ठरवितात. येथे ६ डेसिबेल वाढविले की प्रतिध्वनीची उंची दुप्पट होते. ठोकळा गुळगुळीत, तर तपासावयाचा भाग बहुधा गंजलेला. या फरकाची भरपाई अंदाजाने न करता मोजूनच करावी. केबल वा प्रोब बदलल्यास सारे पुन्हा जुळवावे लागते. कामाच्या शेवटी संवेदनशीलता घटलेली आढळली, तर मागील पडताळणीनंतर निर्दोष ठरविलेला प्रत्येक भाग पुन्हा तपासावयाचा असतो, मग त्यात अख्खा दिवस जावो.